इस्लामपुरात जे कळले होते

इस्लामपूरचे नाव आता अधिकृतपणे ईश्वरपूर झाले आहे, पण कोरोनाच्या सरकारी कागदांत ते इस्लामपूर म्हणूनच राहिले आहे आणि या लेखातही मी तेच नाव वापरणार आहे. २३ मार्च २०२० रोजी तेथील एकाच कुटुंबातील, सौदी अरेबियाहून परतलेल्या चौघांना बाधा झाल्याचा अहवाल आला आणि थोड्याच दिवसांत त्याच गोतावळ्यातील बाधितांची संख्या पंचवीसच्या घरात गेली. मुंबई-पुण्याच्या जोडीने सांगलीचे नाव बातम्यांत येऊ लागले. आमच्याकडच्या माणसांना आपल्या जिल्ह्याचे नाव महापूर, द्राक्षे, हळद किंवा राजकारण यांच्यापायी ऐकण्याची सवय. साथीपायी ते ऐकताना प्रथमच पोटात गोळा आला.

मात्र तिथे पुढे जे घडले, ते नीट घडले. बाधितांच्या घराभोवतीचा परिसर बंद करण्यात आला, प्रत्येक बाधित माणूस कोणाच्या घरी जेवला, कोणाच्या गाडीवर बसला, कोणत्या दुकानात उभा राहिला याची माणसागणिक यादी झाली आणि त्या यादीतील लोकांना घरी न ठेवता विलगीकरणात आणण्यात आले. घरोघरी जाऊन ताप-खोकल्याची विचारणा झाली. सुरुवातीला घशाचे नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात, नंतर मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणीची सोय झाली आणि अहवाल लवकर हाती येऊ लागले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतील बहुतेक माणसे बरी होऊन घरी गेली आणि शहरात साथ पसरली नाही. (त्या कुटुंबाविषयी त्या दिवसांत मोबाइलवरून जे फिरत होते, ते इथे लिहिण्याच्या लायकीचे नाही. ते पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या ओळखीचे शिकलेसवरलेले लोकही होते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.)

मी खानापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. साथीच्या दोन वर्षांत मी चेकनाक्यावर वाहनांची नोंद केली, शाळेत उघडलेल्या विलगीकरण कक्षाची नोंदवही सांभाळली, ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी सर्वेक्षण केले आणि लसीकरण केंद्रावर रांगेतील लोकांची नावे लिहून घेतली. या सगळ्यात शिकवणे सर्वांत कमी झाले. त्याविषयी शेवटी लिहीन. सांगायचा मुद्दा असा, की वरून आलेला आदेश आणि तो ज्याच्यावर पडतो तो माणूस यांच्या मधल्या जागेत मी दोन वर्षे उभा होतो आणि तिथून मला दोन प्रकारच्या चुका दिसल्या. एक प्रकार न कळल्यामुळे झालेल्या चुकांचा. रोग नवा होता, भाजीच्या जुड्या मिठाच्या पाण्यात बुडवण्यापासून टाळेबंदीपर्यंत सगळेच चाचपडत होते, तेव्हा त्या चुकांसाठी मी कोणाला दोष देणार नाही. दुसरा प्रकार एकदा कळलेले विसरण्याचा, आणि त्याला माफी देणे मला जड जाते. साथ नकाशावरून पसरत नाही, ती माणसाकडून माणसाकडे नात्याच्या, कामाच्या आणि प्रवासाच्या वाटेने जाते, हे इस्लामपूरने मार्च २०२० मध्येच दाखवून दिले होते. पुढची दोन वर्षे शासन मात्र नकाशालाच कुलुपे लावत राहिले.

इस्लामपूरचा अहवाल आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला रात्री आठ वाजता, पंतप्रधानांनी २१ दिवसांची देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि ती त्याच रात्री बारापासून लागू झाली. मधे चार तास होते. त्या दिवशी देशातील नोंदलेले रुग्ण पाचशेच्या आसपास होते. टाळेबंदी करावी की न करावी यावर वाद होऊ शकतो, आणि त्या वेळी आम्हा सर्वांना ती योग्यच वाटली होती. पण चार तासांत ज्याला घरी पोहोचता येत नाही अशा माणसाचा विचार त्या निर्णयात कुठे होता, हे मला आजही दिसत नाही.

आमच्या तालुक्याला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक टोचला, कारण आमची निम्मी घरे गलाईच्या धंद्यावर उभी आहेत. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातील माणसे पिढ्यान् पिढ्या सोने-चांदी गाळण्याचे काम करायला देशभर गेली. तामिळनाडूतील एखाद्या आडगावापासून कोलकात्याच्या गल्लीपर्यंत जिथे सराफी पेठ आहे, तिथे आमच्याकडचा एखादा गलाईवाला सापडतो. टाळेबंदीने त्यांची भट्टी विझली. दुकानाच्या मागच्या दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच जण, परका मुलूख, परकी भाषा, हातातले पैसे संपत आलेले आणि गावाकडे म्हातारे आई-वडील, अशा अवस्थेत ते सव्वा महिना बसून राहिले. साताऱ्याच्या बाजूला पाटण, जावळी, माण, खटावच्या मुंबईकरांची कथा वेगळी नव्हती. फक्त त्यांची खोली नागपाड्यात किंवा घाटकोपरला होती.

आणि मग मे महिन्यात, जेव्हा देशातील रुग्णसंख्या ३५ हजारांच्या पुढे गेली होती आणि मुंबईच्या चाळींत साथ घट्ट बसली होती, तेव्हा शासनाने या लोकांना परवाने देऊन गावाकडे सोडले. १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रवासाला ई-पास मिळू लागले. रुग्ण पाचशे होते तेव्हा माणसांना जिथल्या तिथे थांबवले, त्यांच्या अवतीभवती साथ वाढू दिली आणि ती पुरेशी वाढल्यावर त्यांना खेड्यात पाठवले. याहून उलटी रीत कोणी मुद्दाम शोधली असती तरी सापडली नसती. मार्चमध्ये चार दिवसांची मुदत, गाड्यांची सोय आणि गावात पोहोचल्यावर १४ दिवसांचे विलगीकरण, एवढे जरी केले असते तरी गावात येणारा माणूस बहुधा निरोगी आला असता. ज्यांना ई-पासही मिळाला नाही आणि गाडीही, ते चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले, ते असेच जालन्याहून निघाले होते.

ऊसतोड मजुरांच्या बाबतीत तर कोणाला काही अंदाजही बांधावा लागला नसता. हंगाम मार्चअखेरीस संपतो, बीड-नगरकडच्या टोळ्या परत निघतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरीही राज्यभर सव्वा लाखाहून अधिक मजूर कारखान्यांच्या तळांवर पाचटाच्या कोप्यांत अडकून राहिले आणि त्यांना घरी जाण्याची परवानगी १७ एप्रिलला मिळाली. त्याच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गृह विभागातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर एका उद्योजक कुटुंबातील २३ जण गाड्यांचा ताफा घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोहोचले होते. साताऱ्याच्या पोलिसांनी त्यांना पाचगणीत विलगीकरणात ठेवले, ही गोष्ट वेगळी. पण चेकनाक्यावर उभे असताना त्या बातमीने आमच्या तोंडातले शब्द काढून घेतले. बायकोच्या बाळंतपणासाठी निघालेल्या माणसाला परत पाठवताना आम्ही ‘नियम सर्वांना सारखा आहे’ असे म्हणत असू. ते म्हणणे त्या दिवसापासून बंद झाले.

द्राक्षांविषयी थोडक्यात. तासगाव-मिरज-कवठे महांकाळच्या बागांत मार्च म्हणजे ऐन काढणीचा काळ, आणि द्राक्ष आदेशाची वाट पाहत वेलीवर थांबत नाही. शेतमालाच्या वाहतुकीला सूट आहे असे कागद म्हणत होता, पण मजूर घराबाहेर पडू शकत नव्हता, ट्रकचालकाला वाटेत ढाबा उघडा मिळत नव्हता, खोक्यांचे कारखाने बंद होते आणि व्यापारी फोन उचलत नव्हता. मग ज्यांना जमले त्यांनी सगळा माल बेदाण्याच्या शेडवर टाकला. वाहतुकीला सूट द्यायची आणि वाहतूक ज्यावर चालते ते बंद ठेवायचे, ही गफलत कार्यालयात बसून लक्षात न येणे मी समजू शकतो. मात्र ती सांगणारे लोक रोज फोन करत होते.

मे महिन्यात आमची शाळा विलगीकरण कक्ष झाली. पाच खोल्या, दोन स्वच्छतागृहे, त्यांतील एक मुलांच्या उंचीचे. पहिल्या खोलीत चेन्नईचे, दुसऱ्या खोलीत मुंबईचे, अशी मी नावे लिहीत गेलो. गावच्या दक्षता समितीतील काहींनी वेशीवर बाभळीचे फेस टाकून आपल्याच भावकीला अडवले होते. एक जण व्हरांड्यात बसून मला म्हणाला, ‘गुरुजी, यात्रेला वर्गणी मागायला हीच माणसं मद्रासपतुर येत हुती.’ मी त्याला काय उत्तर देणार? जेवण घरून येई, डबे फाटकात ठेवले जात. शासनाने खोल्या वापरा म्हटले, पण गाद्या, साबण, पाणी, संडासाची सफाई यांसाठी पैसा कोठून आणायचा ते सांगितले नाही. तो भार सरपंच, ग्रामसेवक आणि गावातल्या दोन-चार दानशूर माणसांनी उचलला. तरीही मी म्हणेन, की ही व्यवस्था कितीही गबाळी असली तरी तिच्या मागचा विचार बरोबर होता, कारण तो इस्लामपूरचाच विचार होता: माणूस ओळखा, त्याला वेगळा ठेवा, त्याची काळजी घ्या. आमच्या कक्षात दोघांना बाधा निघाली आणि ती गावात गेली नाही.

या साऱ्याचा एक कायदेशीर आधार होता १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत प्लेग आल्यावर घाईघाईने केलेला जेमतेम चार कलमांचा कायदा. त्यात सरकारला अधिकार आहेत, पण सरकारवर कर्तव्य एकही नाही. माणसाला अडवता येते, पण अडवलेल्याला जेवू घातले पाहिजे असे तो कायदा म्हणत नाही. त्याच वर्षी पुण्यात घरात शिरून झालेल्या तपासण्यांचा शेवट रँडच्या खुनात झाला, हे आम्ही मुलांना शिकवतो. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेले सांगायची, की गाठीचा रोग आला की उंदीर पडल्याबरोबर सगळे गाव उठून रानात झोपड्या घालून राहायचे, आणि मागे राहिलेल्या अडल्यानडल्यांना भाकरी पोहोचवण्याची पाळी ठरलेली असायची. अधिकार आणि कर्तव्य यांची सांगड त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांना सुचली होती.

सप्टेंबर २०२० नंतर पहिली लाट ओसरली आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असा तीन महिन्यांचा निवांत काळ मिळाला. माझ्या मते सर्वांत मोठी चूक या काळात झाली, कारण तेव्हा अज्ञानाची सबब उरली नव्हती. युरोपात दुसरी लाट येऊन गेल्याचे आम्ही दूरदर्शनवर पाहत होतो. ऑक्सिजन लागतो हे सप्टेंबरमध्येच कळले होते. केंद्राने हवेतून ऑक्सिजन तयार करणाऱ्या १६२ प्रकल्पांना मंजुरी दिली. सुमारे २०१ कोटींची ही योजना, म्हणजे देशाच्या मानाने चिल्लर. निविदा निघाली ऑक्टोबर २०२० मध्ये, आणि १८ एप्रिल २०२१ रोजी सरकारनेच दिलेल्या माहितीनुसार त्यांतील ३३ प्रकल्प उभे राहिले होते. दुसऱ्याच दिवशी रिकामे टँकर लादलेली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण श्वासावाचून गेले. ज्या घरांतील माणूस त्या आठवड्यात ‘ऑक्सिजन बेड’ शोधत तीन तालुके फिरला आहे, त्या घराला निविदा, मंजुरी, उभारणी हे शब्द कसे ऐकू येत असतील याची कल्पना करावी. आमच्या शेजारच्या घरातील थोरल्या भावाला विट्याहून कराडला आणि तिथून मिरजेला नेईपर्यंत रात्र झाली होती. तो वाचला. त्याच रात्री त्याच गाडीने गेलेला दुसरा रुग्ण वाचला नाही.

सवलतींचेही तेच. १४ एप्रिल २०२१ पासून राज्यात संचारबंदी लागली, पण पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात १७ एप्रिलला पोटनिवडणूक असल्यामुळे तिथे ती मतदानानंतर लागू करण्याचे ठरले. आटपाडीहून पंढरपूर किती लांब आहे? आमच्याकडची निम्मी सोयरीक त्या बाजूला. पुढे जूनच्या अखेरीस, सातारा-सांगलीत साथ राज्यात सर्वाधिक रेंगाळलेली असताना, कराड आणि वाळवा भागात पसरलेल्या कृष्णा कारखान्याची निवडणूकही झाली. लग्नाला मोजकी माणसे आणि मयतीला वीस, हा हिशेब ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या दिवसांत कोणत्या तोंडाने लोकांना अडवायचे होते?

आता टक्केवारीकडे येतो, कारण गणिताचा शिक्षक म्हणून माझा सर्वांत जास्त जीव तिथे अडकला. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्यातील जिल्ह्यांचे पाच स्तर पाडण्यात आले. बाधितांचा दर ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजन खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असल्या तर पहिला स्तर, म्हणजे सगळे खुले. दर २० टक्क्यांच्या वर किंवा खाटा ७५ टक्क्यांहून अधिक भरलेल्या असल्या तर पाचवा. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिका स्वतंत्र घटक धरल्या होत्या. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका त्यात बसत नसल्याने ती, कृष्णाकाठची दाट गावे आणि जत तालुक्यातील कर्नाटकाला टेकलेली शेवटची वाडी ही सर्व एकाच आकड्याखाली आली. वाळव्यात रुग्ण वाढले म्हणून जतेतील टपरी दुपारी बंद, आणि उद्या जिल्ह्याची सरासरी खाली आली की वाळव्यातील ज्या गावात घराघरांत रुग्ण आहेत तिथलीही बाजारपेठ खुली. सरासरी पाणी गुडघाभर असलेल्या नदीत माणूस बुडतो, हे आम्ही सातवीच्या वर्गात सांगतो.

शेकडेवारीला अंश असतो तसा छेदही असतो. रुग्ण कमी न करताही दर खाली आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे छेद वाढवणे, आणि तो मार्ग लोकांना सापडायला एक आठवडाही लागला नाही. दुकानदार, भाजीवाले, रस्त्याने जाणारे-येणारे, ज्यांना कसलेही लक्षण नाही अशांच्या नाकात काडी घालून झटपट चाचण्यांचा आकडा फुगवला गेला. ‘आज एवढे किट संपवायचे आहेत’ हे वाक्य मी स्वतः ऐकले आहे. दुसरीकडे, ज्या घरात एक जण बाधित निघाला त्या घरातील बाकीचे पाच जण चाचणीला येईनात, कारण घराला फलक लागतो, दूध डेअरीत जात नाही, मजुरीला कोणी बोलावत नाही. म्हणजे जिथे शोधायचे तिथे शोध नाही आणि जिथे काही नाही तिथे गर्दी. २५ जूनला शासनाने दर केवळ आरटीपीसीआर चाचण्यांवरून काढायचा असे ठरवले. त्याने फुगवटा थोडा ओसरला, पण घरातले पाच जण तसेच बाहेर राहिले. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे ऑगस्टमध्येही निर्बंध न उठलेल्या ११ जिल्ह्यांत होते. इस्लामपुरात पंचवीस रुग्णांमागे जेवढी माणसे शोधली गेली, तेवढी त्या जूनमध्ये शंभर रुग्णांमागेही शोधली जात नव्हती, असे मी माझ्या गावापुरते खात्रीने म्हणू शकतो.

गृहविलगीकरणाचीही तीच कथा. २५ मे २०२१ ला आरोग्यमंत्र्यांनी सांगली-साताऱ्यासह १८ जिल्ह्यांत ते बंद करण्याचे जाहीर केले. निर्णय योग्यच होता. दोन खोल्या आणि एक संडास असलेल्या घरात कोण कोणापासून वेगळा राहणार? पण वर्षापूर्वी आमच्या शाळेत हीच व्यवस्था होती, ती मोडून टाकल्याला नऊ महिने झाले होते, आणि साथ माथ्यावर असताना तीच पुन्हा उभी करा म्हणून पत्र आले. गाद्या मागितल्या त्या घरी परत गेल्या होत्या. रुग्णांची खरी माहिती ज्यांच्याकडे होती त्या आशाताई जूनच्या मध्यावर राज्यभर संपावर गेल्या. दिवसाला पस्तीस रुपयांच्या आसपास मोबदल्यात त्यांच्याकडून घरोघरी तपासणी करून घेतली जात होती. वाढ मिळाली, पण संप करावा लागला. आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णा ५४ फुटांच्या वर गेली, तेव्हा बाधित घरांतली आणि निरोगी घरांतली माणसे एकाच होडीतून एकाच निवारा केंद्रात आली.

लशीच्या बाबतीत मला राग येत नाही, नवल वाटते. कोविशिल्ड पुण्याच्या मांजरीत तयार होत होती. केंद्राला ती १५० रुपयांना, राज्यांना आधी ४०० आणि मग ३०० ला, खासगी रुग्णालयांना ६०० ला, असे दर ठरले आणि १८ ते ४४ वयोगटाचा भार १ मेपासून राज्यांवर व खासगी रुग्णालयांवर टाकला गेला. देवीची, पोलिओची लस या देशाने कधी राज्याराज्यांत बोली लावून घेतली नव्हती. महाराष्ट्राने १२ मेलाच या वयोगटाचे लसीकरण थांबवले, सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे म्हटले आणि २१ जूनपासून केंद्राने ते मागे घेतले. त्या दिवसांत आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर सकाळी सकाळी चारचाकी उभ्या राहत. मोबाइलवर जागा आधी मिळवलेले कराड-साताऱ्याचे तरुण लस टोचून घेत आणि गावातला ट्रॅक्टरवाला रेंज मिळवायला टेकडीवर चढलेला असे. नोंदणीची पाने सुरुवातीला इंग्रजीत होती. मी कित्येकांची नावे माझ्या फोनवरून घातली, आणि एका फोनवरून चारच नावे घालता येतात हे कळल्यावर बायकोचाही फोन घेतला.

मृतांची मोजणी हा विषय मला लिहायला अवघड जातो. टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर दगावले याची माहिती आपल्याकडे नाही, असे केंद्रीय कामगार मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. देशाच्या जन्म-मृत्यू नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख मृत्यू आहेत आणि २०२१ साली १ कोटी २ लाख. एका वर्षातली ही वाढ सुमारे २१ लाखांची. त्या वर्षीचे कोरोनाचे अधिकृत मृत्यू साडेतीन लाखांच्या आतले. २०२१ ची ही नोंद प्रसिद्ध व्हायला मे २०२५ उजाडला. गावात एका बाईचा नवरा मे महिन्यात छातीच्या स्कॅनवरच उपचार घेत असताना गेला. घशाच्या नमुन्याचा अहवाल नव्हता आणि दाखल्यावर हृदयविकार लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५० हजारांचे साहाय्य जाहीर झाले, तेव्हा अर्ज, फेटाळणी, जिल्हा समितीकडे तक्रार, पुन्हा कागद, असे चार वेळा मी तिच्यासाठी लिहिले. पैसे मिळाले. तिला पैशांपेक्षा दाखल्यावरचे कारण बदलून हवे होते, कारण ‘माझ्या मालकांच्या हृदयाला कायबी झालं नव्हतं’ असे ती मला प्रत्येक वेळी सांगायची.

राहिली शाळा. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली. हॉटेले, लग्नाची कार्यालये, आठवडी बाजार टप्प्याटप्प्याने उघडले. पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागातही १ डिसेंबर २०२१ ला उघडले आणि जानेवारीत पुन्हा काही दिवस बंद झाले. ज्या वाडीत वर्षभर एकही रुग्ण नव्हता तिथलीही शाळा बंद होती, कारण आदेश राज्याचा होता आणि वाडी हा कोणाच्याही तक्त्यात घटक नव्हता. मुले त्याच अंगणात दिवसभर एकत्र खेळत होती. ऑनलाइन शिक्षणाचा फोन बापाच्या खिशात मळ्यात असे. २०२० च्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेले मूल २०२२ च्या जूनमध्ये तिसरीच्या वर्गात आले, तेव्हा ते जेमतेम पाच महिने शाळेत बसलेले होते आणि मी त्याला ऑक्सिमीटरच्या आकड्यांपलीकडे काही शिकवले नव्हते.

त्या वर्षीची मुले या साली सहावीत आहेत. त्यांच्यापैकी सात जणांना अजून हातच्याची वजाबाकी नीट येत नाही आणि जोडाक्षर आले की ती आधी माझ्या तोंडाकडे बघतात. शाळा साडेदहाला भरते. त्यांना मी पावणेदहाला बोलावतो, त्याच दुसऱ्या खोलीत, जिथे मुंबईची माणसे होती.